करंट कोण खातंय?

१४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्री मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला आणि माझी वीस वर्षं जपलेली सबब बुडाली. "गाडी का घेत नाही?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "मुलुंडात राहून गाडी घ्यायची म्हणजे नाका उंबरठ्यावर. ठाण्याला मावशीकडे चहाला निघालं, तर चहाच्या आधी टोलवाल्याला ४५ रुपये." हे पटायचं. मावशीलासुद्धा पटायचं. टोल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं पोह्यांची बशी वर्तमानपत्रावर ठेवली, ती नेमकी बातमी उघडी राहील अशी.

दोन महिन्यांत सेकंडहँड गाडी दारात आली. सहा वर्षांची, पांढरी, छोटीशी सेडान. पहिला मालक ऐरोलीला नोकरी करणारा तरुण. रोज गाडीनं जायचा, गाडीनं यायचा. "काका, एक दिवस बंद पडली नाही," तो म्हणाला. हा मुलगा शब्दशः खरं बोलत होता, हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. जाताना त्यानं डिकीतला वूफरचा भलामोठा खोका तेवढा काढून नेला. मी हरकत घेतली नाही. माझं गाडीतलं संगीत म्हणजे आकाशवाणीच्या बातम्या, आणि बातम्यांना बास लागत नाही.

आईला गाडी पहिल्याच फेरीत पसंत पडली. ती ड्रायव्हरच्या मागे बसते, चपला काढते, पाय माझ्या सीटखाली सरकवते आणि मुलुंड चेकनाका यायच्या आत पेंगायला लागते. "काही म्हण, तुझ्या गाडीत गुडघ्यांना फार बरं वाटतं," असं ती उतरताना म्हणाली. ही स्तुती मी माझ्या ड्रायव्हिंगच्या खात्यात जमा करून टाकली.

सोमवार ते शुक्रवार मी माणसासारखा लोकलनं जातो. गाडी रविवारी रात्री नऊला स्टिल्टखाली उभी राहते, ती शनिवारी सकाळपर्यंत. पहिल्याच शनिवारी किल्ली फिरवली आणि बॉनेटमधून पाल चुकचुकावी तसा आवाज आला. कट, कट, कट, कट. डॅशबोर्डवरचे दिवे शेवटच्या आचेवर आलेल्या निरांजनासारखे मिणमिणले आणि गेले.

या कटकटीचं शास्त्र नंतर वाचलं. स्टार्टरला फिरवायला शंभराच्या पुढे अँपिअर लागतात. बॅटरी मरगळलेली असली की स्टार्टरचं बटण ओढण्याइतका जोर ती गोळा करते, पण खरं ओझं अंगावर आलं की बसकण मारते. बटण सुटतं. ओझं गेल्यावर तिला पुन्हा हुशारी येते. सरकारी कचेरीत काही लोक निवृत्त होईपर्यंत याच तत्त्वावर चालतात.

आमच्या सोसायटीत कुणाचं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत कोरम होतो. एजीएमला होत नाही, बॉनेटला होतो. रेल्वेतून निवृत्त झालेले पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अर्थिंग." ते लिफ्ट अडकली तरी अर्थिंग म्हणतात आणि नळाला पाणी कमी आलं तरी. सेक्रेटरी म्हणाले, "उंदीर. वायर कुरतडतात. पण पार्किंगमधल्या उंदरांना सोसायटी जबाबदार नाही, तसं सर्क्युलर आहे." बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा म्हणजे उंदीर फिरकत नाहीत, असा उपायही त्यांनीच सुचवला. मी संध्याकाळी ठेवली, सकाळी ती नव्हती. उंदरांनी नेली की वॉचमननं, हा तपास मी सोसायटीच्या शांततेसाठी सोडून दिला. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी गाडीचं तोंड दक्षिणेला आहे याकडे लक्ष वेधलं. तळमजल्यावरच्या शेठनी मात्र थेट काचेवर बोट ठेवलं. "ए फास्टॅग करंट खाते. टोल बंद झाला, एने काय काम नाही, मग बसून बसून खाते."

मला शेठचा सिद्धान्त सगळ्यात आवडला. निरुद्योगी माणूस जास्त खातो, हे मी घरीदारी पाहिलंय. दुर्दैवानं फास्टॅग गाडीला जोडलेलाच नसतो आणि त्याला स्वतःची बॅटरीही नसते. नाक्यावरचा वाचक जी रेडिओलहर सोडतो, तिच्याच उसन्या जोरावर तो आपला नंबर सांगतो आणि पुन्हा चिडीचूप होतो. इतका अल्पसंतुष्ट प्राणी अख्ख्या गाडीत दुसरा नाही.

शेवटी धक्का. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, मागे रेल्वेकाका, सेक्रेटरी, वॉचमन, इस्त्रीवाला. गेटच्या उतारावर क्लच सोडला, गाडी उचकी लागल्यासारखी हादरली आणि सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या शनिवारी टाळ्या थोड्या कमी वाजल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी इस्त्रीवाल्यानं आठ वाजता स्वतःच फोन करून विचारलं, "साहब, आज कितने बजे?"

माझे सासरे घाटकोपरचे. त्यांच्याकडे एके काळी प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणजे घरापासून दोन स्टेशनांवर जन्मलेली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला निवृत्त झाली, त्या दिवशी सासरे जेवले नव्हते असं सासूबाई सांगतात. सासऱ्यांच्या मते दोन पिढ्यांत मोटारींचा जो ऱ्हास झाला त्याचं मूळ एकच: हँडल गेलं. पूर्वी बॅटरी बसली की सीटखालून हँडल काढायचं, नाकात घालायचं, एक जोरदार फेरा मारायचा. "मनगट गेलं तर?" मी विचारलं. "गेलं तर गेलं. दुसरं असतं ना!" मनगटं खरोखरच जात असत; इंजिन उलटं झटकलं की हँडल हाताला हिसडा द्यायचं. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसानं विजेचा स्टार्टर काढला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. तेव्हापासून जगातली मनगटं वाचली आणि मोटारवाला बॅटरीचा मिंधा झाला. ती बॅटरी तरी काय नवी? शिसं आणि गंधकाम्ल, फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांते यानं १८५९ साली जुळवलेला संसार. आपल्याकडे सत्तावनचं बंड नुकतंच शमत होतं, तेव्हाची वस्तू. आज गाडीत नकाशा बोलतो, ब्रेक स्वतः विचार करतो, आणि हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो डबा आजेसासऱ्यांच्याही आजोबांच्या वयाचा आहे.

बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मीटर लावला, जीभ टाळ्याला लावून "च्च" केलं आणि म्हणाला, "बॅटरी गेली." साडेचार हजार दिले, ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी घेतली. पुढच्याच शनिवारी तीही कटकट करू लागली. परत गेलो. तो म्हणाला, "बॅटरी ओके आहे. गाडीत फॉल्ट." सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी एक दिवस ठेवून घेतली, धुतली, आत अत्तर मारलं आणि सांगितलं, "गाडी ओके आहे. बॅटरीत फॉल्ट." धुतल्याचे पैसे घेतले.

असंच भांडण अठराव्या शतकाच्या शेवटी इटलीत झालं होतं. बोलोन्याच्या गॅल्व्हानीनं मेलेल्या बेडकाच्या तंगडीला दोन धातू लावले, तंगडी उडाली. तो म्हणाला, वीज बेडकात आहे. पावियाचा व्होल्टा म्हणाला, छे, धातूंत आहे. वर्षानुवर्षं वाद चालला, आणि १८०० साली व्होल्टानं बेडकाशिवाय वीज काढून दाखवली, धातूच्या चकत्या एकावर एक रचून. तीच पहिली बॅटरी. या प्रकरणात बेडकाचं मत कुणीच विचारलं नाही. बॅटरीचं दुकान आणि सर्व्हिस सेंटर यांच्यामध्ये पाचव्यांदा रिक्षा करताना मला त्या बेडकाबद्दल फार आपुलकी वाटली.

मग बोरिवलीहून भाचा आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सगळं येतं. तो म्हणाला, "मामा, तुझी गाडी झोपत नाहीये."

"म्हणजे?"

"किल्ली काढून लॉक केलं की गाडीतले कॉम्प्युटर अर्ध्या तासात झोपतात. मग घड्याळ, रिमोट, असलं किरकोळ काहीतरी जागं राहतं. पन्नास मिलिअँपिअरच्या आत. तुझ्या गाडीत कुणीतरी रात्रभर करंट खातंय."

हे वाक्य मला आवडलं. आतापर्यंत बिघाड होता, आता आरोपी आला. आम्ही लॅमिंग्टन रोडला जाऊन मल्टिमीटर आणला. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ला ती अर्धी झालेली असते आणि १२च्या खाली गेली की तिच्याकडून फक्त आठवणी मिळतात. त्या शनिवारी आमची ९.८ होती.

पहिला संशयित डिकीतला दिवा. पाच वॅटचा चिमुकला बल्ब, पण डिकी बंद केल्यावर विझला नाही, तर पाऊण दिवसाला दहा अँपिअर-अवर तरी... नाही, भाच्यानं माझं गणित दुरुस्त केलं: दिवसाला दहा. म्हणजे नवी बॅटरी साडेतीन दिवसांत साफ. पण डिकी बंद झाल्यावर आत दिवा विझतो का, हे बघायचं कसं? फ्रिजच्या दिव्याबद्दल हा प्रश्न मला लहानपणापासून छळत आलाय. फ्रिजमध्ये शिरता येत नाही. डिकीत येतं.

रात्री साडेदहाला मी स्टेपनीच्या आकारात वळकटी झालो आणि बायकोला म्हटलं, "लाव." तिनं जरा जास्तच तत्परतेनं लावली. आत गच्च अंधार झाला. दिवा निर्दोष होता. सुटकेचा आनंद व्हायच्या आत बाहेरून नव्या वॉचमनचा आवाज आला.

"मैडम, साहब अंदर हैं?"

"हां."

"क्यों?"

"लाइट देख रहे हैं."

थोडा वेळ शांतता. मग बायकोनं डिकी उघडली. वॉचमननं मला टॉर्चच्या उजेडात नीट ओळखलं, सलाम केला आणि केबिनकडे गेला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी मला रजिस्टर दाखवलं. "१०.४० – ए विंग के साहब डिक्की में. १०.४३ – साहब बाहर." गाडीचा नंबरही लिहिला होता. भाचा म्हणाला, "मामा, मोबाइल रेकॉर्डिंगवर टाकून आत ठेवायचा होतास ना." इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ही माहिती आदल्या दिवशी देता येत नाही, असा काहीतरी नियम असावा.

त्यानंतर खरी मोजणी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि तार व खुंटी यांच्यामध्ये मीटर बसवायचा, म्हणजे गाडीत जाणारा प्रत्येक थेंब मीटरमधून जातो. मीटरची लाल तार दहा अँपिअरच्या भोकात. उघड्या दाराच्या कुलपात स्क्रू-ड्रायव्हर दाबून ते लागल्यासारखं करायचं, म्हणजे दार बंद आहे अशी गाडीची समजूत होते. मग अर्धा तास गाडीला हात लावायचा नाही. ती झोपेपर्यंत आम्ही दोन प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसलो, तान्हं मूल निजवताना बसतात तसे, कुजबुजत. मुलुंडला पाठीशी नॅशनल पार्क आहे. तिथले बिबटे बातमीत येतात; डास घरी येतात.

आकडा २.९वरून उतरत ०.६२ला आला. आणि तिथेच थांबला. याचा बारावा हिस्सा असायला हवा होता. भाच्यानं हिशेब केला: रविवारी रात्री नऊला उभी केलेली गाडी बुधवारी पहाटे पाचला पूर्ण मोकळी. तीन दिवसांच्या मढ्याला मी दर शनिवारी किल्ली लावत होतो. शिवाय बॅटरी अशी रिकामी पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, मग ती पूर्वीसारखी भरतच नाही. माझी नवी बॅटरी महिनाभरात म्हातारी होत चालली होती.

तेवढ्यात रेल्वेकाका जेवून शतपावलीला आले. "एकदा सेल्फ मारून बघा की," ते म्हणाले. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही हा संस्कार. मी मारला. शंभर अँपिअर दहाच्या भोकातून गेले, मीटरनं एक निळसर निःश्वास सोडला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. काका म्हणाले, "अर्थिंग."

दुसरा मीटर. दुसरी रात्र. आता फ्यूज. एकेक उपटायचा, मीटर बघायचा. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल त्या रांगेत चोर. रेडिओचा काढला, ०.६२. आतल्या दिव्याचा, ०.६२. हॉर्न, पंखा, वायपर, काचा. काढलेले फ्यूज आम्ही क्रमानं बटाटेवड्याच्या कागदावर मांडत गेलो. रात्री साडेअकराला फ्यूजची दोन्ही खोकी रिकामी झाली, गाडी वैद्यकीयदृष्ट्या मृत झाली, आणि मीटर जवळजवळ ढिम्म. ०.५९. भाचा पहिल्यांदाच गप्प बसला. हे असं होऊच शकत नाही, तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पुस्तकाबाहेर काहीतरी असतं हे कळल्याचा तो खास भाव आला. तेवढ्यात कागद वाऱ्यानं उडाला. फ्यूज रंगावरून ओळखून परत बसवेपर्यंत दीड वाजला. काही दिवस इंडिकेटर दिला तरी चालत नव्हता, पण मुलुंडमध्ये ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

चेकनाक्याजवळ एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. गाळा एवढा लहान की गाडी बाहेर, तो बाहेर, आत फक्त गणपती आणि टेबलफॅन. मीटर वगैरे त्याच्याकडे नव्हता. बल्बला दोन तारा जोडलेला टेस्टलँप होता. मी त्याला सगळं सांगितलं, मिलिअँपिअरसकट. त्यानं सुपारी फोडत ऐकलं. मग बॉनेट उघडलं आणि कशालाही हात न लावता बॅटरीकडे बघत राहिला, पाहुण्यांच्या पंगतीत एक पान जास्त दिसावं तसा.

"मालक, पॉझिटिव्हला ही दुसरी लाल वायर कुणाची?"

करंगळीएवढी जाड वायर. काळी टेप गुंडाळून कंपनीच्या वायरींमध्ये इतकी बेमालूम बसवलेली, की आम्ही दोन रात्री तिच्या शेजारी नाक घालून बसलो होतो. फ्यूजच्या खोक्याकडे ती गेलीच नव्हती. बॅटरीवरून निघून, वाटेत स्वतःचा एक खासगी फ्यूज घेऊन, रबरी भोकातून आत, मॅटच्या खालून सरळ ड्रायव्हरच्या सीटखाली. त्यानं गालिचा उचलला. काळा, दातेरी ॲल्युमिनियमचा डबा.

"अँप्लिफायर. वूफर कुठंय?"

"पहिल्या मालकानं नेला."

"खोका नेला, भटजी राहिला." त्यानं वाकून बघितलं. अँप्लिफायरला डेक चालू झाल्याची वर्दी द्यायला एक बारीक वायर डेकपासून आणावी लागते. डेक बंद, की अँप्लिफायर बंद. बसवणाऱ्याला तेवढी वायर ओढायचा कंटाळा आला होता. त्यानं डब्यावरच दोन इंचांचा तुकडा मारून वर्दीचं टोक कायमच्या करंटला जोडून टाकलं होतं. डब्याला वाटत होतं, मैफल सुरू आहे. पहिला मालक रोज ऐरोलीला जायचा, रोज बॅटरी भरून निघायची, त्यामुळे त्याची गाडी एक दिवस बंद पडली नाही. माझ्याकडे ती पाच दिवस अंधारात उभी राहायची आणि डबा नसलेल्या वूफरची वाट बघत, स्वतःशीच तापत राहायचा.

"हात लावा," इलेक्ट्रिशियन म्हणाला. लावला. चांगला कोमट होता, दही विरजायला ठेवावं असा. हात तसाच ठेवून मी क्षणभर थांबलो. हा डबा ज्या जागी होता, ती जागा मला ओळखीची वाटत होती.

त्यानं लाल वायर सोडवली. आमचा मीटर मी सोबत नेला होता. ०.०३. दोनशे रुपये घेतले.

पुढच्या शनिवारी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. इस्त्रीवाला थोडा वेळ उभा राहून निघून गेला. आई मागे बसली, चपला काढल्या, पाय सरकवले. चेकनाका गेला, ती पेंगली नाही. तीन हात नाक्याच्या सिग्नलला म्हणाली, "तू गाडीचं काय बिघडवलंस रे?"

"दुरुस्त केली, आई."

"मग पाय का गार पडलेत? मागे कसा छान शेक बसायचा."

मी सगळं सांगितलं: वायर, डबा, रात्रभर खाल्लेला करंट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"परत बसवता येतो का, विचार त्या माणसाला."

येताना चेकनाक्याला थांबून विचारलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बसतो की, पाच मिनिटांचं काम. फक्त गाडी रोज चालवायला लागेल."

आईनं मागची काच खाली केली. "बसव बाबा," ती त्याला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "रोज जाऊ तुझ्या मावशीकडे. नाही तरी टोल माफ झालाय."